ओएमडी (ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क) या इंग्लिश सिंथ-पॉप बँडच्या 'डॅझल शिप्स' या अल्बममधली फक्त गाणी ऐकली आणि रेडिओचे तुकडे वगळले तर चालेल का? चाहत्यांची मतं इतकी टोकाची का?

नाही, चालणार नाही.

तुमचं म्हणणं असं की निम्मे चाहते या अल्बमला बँडचं सर्वोत्तम काम म्हणतात, निम्मे अर्धा कचरा म्हणतात, मग त्यातली बरी गाणी काढून प्लेलिस्ट केली तर बिघडलं काय? नेमकं हेच काम माझ्या मामेभावाने ऐंशीच्या दशकात कॅसेटवर करून ठेवलं होतं. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

हिशेब बघा. अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा, त्यात १२ ट्रॅक. ज्यांना सरळ गाणी म्हणता येईल अशी सात: 'जेनेटिक इंजिनीअरिंग', 'टेलिग्राफ', 'इंटरनॅशनल', 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप', 'सायलेंट रनिंग', 'रेडिओ वेव्ह्ज' आणि 'ऑफ ऑल द थिंग्ज वुई हॅव मेड'. त्यांची होतात २५ मिनिटं. उरलेले पाच म्हणजे 'रेडिओ प्राग', 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री', 'धिस इज हेलेना', खुद्द 'डॅझल शिप्स' आणि 'टाइम झोन्स'. ६० च्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. पाच तुकडे उडवले की अख्खी रेकॉर्ड एका बाजूत बसते आणि दुसरी बाजू मोकळी राहते.

हा मामेभाऊ, म्हणजे दादा, बोटीवर नोकरीला होता. घरी यायचा तेव्हा कुठल्या ना कुठल्या बंदरातून रेकॉर्डी घेऊन यायचा. मी मिरजेला, तो दादरला. मी कोरी टीडीके कॅसेट पाठवायची आणि त्याने भरून परत पाठवायची, असं आमचं चालायचं. 'डॅझल शिप्स' माझ्याकडे आला तो असा: एका बाजूला बॉलपेनने लिहिलेली सात नावं, दुसऱ्या बाजूला कुठलीतरी नाचाची गाणी. गाणी मला आवडली. मात्र दोन गाण्यांच्या मध्ये पॉजचं बटण दाबल्याचा 'टक्' ऐकू यायचा, आणि प्रत्येक गाणं कुठूनतरी अचानक सुरू झाल्यासारखं वाटायचं.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेलो. दादा बोटीवर गेलेला. मामीने रेकॉर्ड प्लेयर लावू दिला. पहिल्या बाजूवर सुई टेकवली आणि ब्रासची ती धून वाजली. मी जागच्या जागी उभा राहिलो, कारण ती धून मला पाठ होती! आमच्या घरी बाबांचा मर्फीचा सेट होता, गच्चीवर तांब्याच्या तारेची एरियल ताणलेली, आणि रात्री शॉर्टवेव्हच्या ३१ मीटरवर काटा केसभर इकडेतिकडे करत परदेशी स्टेशनं पकडायची हा माझा नाद. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक स्टेशन आपली खूण पुन्हा पुन्हा वाजवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला काटा नीट लावता यावा. चेकोस्लोव्हाकियाच्या परदेशी सेवेची खूण म्हणजे ही धून. मी त्यांना कार्यक्रम कसा ऐकू आला याचा रिपोर्ट पाठवला होता आणि प्रागहून आलेलं कार्ड माझ्याकडे होतं. आणि तीच धून एका इंग्लिश पॉप बँडने, वर एकही सूर न चढवता, 'रेडिओ प्राग' या नावाने आपल्या रेकॉर्डच्या तोंडाशी ठेवली होती. दादाने ती कापून टाकली होती.

हे ज्यांनी अनुभवलेलं नाही त्यांना ते तुकडे भरताड वाटतात, हे मी समजू शकतो. पण ओएमडीचे अँडी मॅक्लस्की आणि पॉल हंफ्रीज ही पोरं लिव्हरपूलच्या पलीकडच्या विरल भागातली. बंदराच्या कुशीत, रेडिओच्या खरखरीत वाढलेली. बँडचं पहिलं सिंगल 'इलेक्ट्रिसिटी', १९७९ चं. १९८१ च्या 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' या अल्बममुळे त्यांना डोक्यावर घेतलं गेलं, त्यातलं 'मेड ऑफ ऑर्लीन्स' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढचा अल्बम तसाच द्या असं सगळे म्हणत असताना या लोकांनी मार्च १९८३ मध्ये शॉर्टवेव्हवरचे आवाज, देशोदेशीच्या बोलत्या घड्याळांचे आवाज, बोटींचे भोंगे आणि टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं 'स्पीक अँड स्पेल' हे मुलांचं बोलकं खेळणं रेकॉर्डवर आणलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना लोखंडी पडद्याच्या पलीकडचं, म्हणजे कम्युनिस्ट देशातलं रेडिओ स्टेशन पहिल्या ट्रॅकवर ठेवायला हिंमत लागते. नाव आणि कव्हरसुद्धा वरवरचं नाही. चित्रकार एडवर्ड वॉड्सवर्थच्या १९१९ च्या चित्रावरून डिझायनर पीटर सॅव्हिलने ते घडवलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांना बोटीची दिशा आणि वेग कळू नये म्हणून बोटींवर आडवेतिडवे पट्टे रंगवत, त्याच 'डॅझल शिप्स', आणि लिव्हरपूलच्या गोदीत हे काम वॉड्सवर्थच्या देखरेखीखाली झालं होतं.

दादा सुट्टीवर आल्यावर मी विचारलंच. तो म्हणाला, "अरे, ते गाणंच नव्हे. तुझी टेप वाया गेली असती." मी म्हटलं, "मग आकाशवाणीची पहाटेची धून काय आहे? ती तू गाणं म्हणून ऐकतोस का? पण ती लागल्याशिवाय तुझी सकाळ होते का?" तो म्हणाला, "ती फुकट ऐकतो आपण. या रेकॉर्डला मी पैसे मोजलेत." त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आज आहे. आकाशवाणीच्या त्या धूनचं श्रेय संगीतकार वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. कॉफमन बोहेमियातले, प्रागमध्ये शिकलेले, नाझींपासून जीव वाचवत १९३४ मध्ये मुंबईत आलेले. म्हणजे आपल्याकडच्या कोट्यवधी लोकांची सकाळ ज्या तंबोरा आणि व्हायोलिनच्या सुरांनी झाली, ते सूर मुंबईत आलेल्या एका परक्या माणसाने जुळवले. स्टेशनची खूण हे संगीत नाही असं म्हणणाऱ्याने आधी हे खोडून दाखवावं.

आता 'इंटरनॅशनल'कडे या, कारण कापण्याचा सगळ्यात मोठा गुन्हा तिथे घडतो. गाण्याच्या सुरुवातीला बातमीचा एक तुकडा आहे. निकाराग्वातली एक मुलगी, तिथला पदच्युत हुकूमशहा सोमोझा याच्या माजी सैनिकांनी तिचे दोन्ही हात मनगटापासून तोडलेले. निवेदकाचा आवाज सपाट, कुठेही गहिवर नाही. त्यातून ते संथ, तीन मात्रांत झुलणारं गाणं वर येतं आणि मॅक्लस्की गळा फाटेल इतका ताणून गातो. दादाने बातमी संपेपर्यंत पॉज दाबून धरला होता. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्यासाठी ते एक उदास प्रेमगीत होतं. एवढा आकांत कशासाठी हेच कळत नव्हतं. बातमीसकट ऐकलं त्या दिवशी पुन्हा लावायची ताकद उरली नाही.

'टाइम झोन्स'चंही तसंच. फोनवर वेळ सांगणारी बाई आपल्याकडेही होती. इथे अनेक देशांतली अशी माणसं एकमेकांवर वेळ सांगत सुटतात, प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाला आपलीच वेळ खरी. दोन मिनिटंही होत नाहीत. त्या गलक्यानंतर 'ऑफ ऑल द थिंग्ज वुई हॅव मेड' सुरू होतं, साधी गिटार, साधा ड्रम, जवळजवळ काहीच नाही. ती शांतता त्या गलक्यामुळे शांतता आहे. प्लेलिस्टमध्ये तेच गाणं अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, आणि मग लोक लिहितात की शेवट फुसका आहे. शेवट तुम्हीच फुसका केलात!

चाहत्यांच्या मतांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. पहिला गट १९८३ मध्ये पैसे देऊन फसवलं गेल्याची भावना झालेल्यांचा. त्यांना आधीच्या अल्बममधल्या 'सुव्हेनिअर'सारखं दुसरं हिट गाणं हवं होतं. त्यांचा राग खरा होता आणि आकड्यांतही दिसतो: अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला खरा, पण 'जेनेटिक इंजिनीअरिंग' २० वर अडकलं, 'टेलिग्राफ' ४२ वर. आधीचा अल्बम तीसेक लाख खपला आणि हा तीनेक लाख, असं मॅक्लस्की स्वतः मुलाखतींतून सांगत आला आहे. दुसरा गट नंतर आलेला. २००८ ची नवी आवृत्ती निघाल्यापासून 'काळाच्या पुढचा' हा शब्द त्यांच्या तोंडी बसलाय. ते स्तुती करतात ते ठीक, पण त्यातले पुष्कळ जण अल्बम पडला म्हणून तो थोर मानतात, आणि हे मला पहिल्या गटाइतकंच चुकीचं वाटतं. पडल्यामुळे कुठलीही रेकॉर्ड थोर होत नाही. तिसरा गट दादाचा, आणि तुमचा प्रश्न वाचून वाटतं तुम्ही तिकडे झुकताय: गाणी छान, बाकी काढा. मला तिघांत हाच सर्वांत जास्त खटकतो. पहिल्या गटाने रेकॉर्ड निदान पूर्ण ऐकून नाकारली.

२०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडने 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' आणि 'डॅझल शिप्स' हे दोन्ही एकाच रात्री वाजवले. एक सगळ्यांनी उचलून धरलेला, दुसरा सगळ्यांनी टाकून दिलेला. दादाला मी त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचं उत्तर, "म्हातारपणी हौस भागवतायत." पण हौसेसाठी कोणी हजारो लोकांसमोर घड्याळांचे आवाज लावत नाही.

आता काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर मी आंधळा चाहता ठरेन. पाचही तुकडे सारख्या तोलाचे नाहीत. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री' एकदा ऐकलं की त्याचं काम संपतं. शिवाय बँडकडे त्या वेळी नवी गाणी कमी होती हे खरंच आहे. 'टेलिस्कोप' आधी 'जोन ऑफ आर्क' या सिंगलच्या मागच्या बाजूला आलेलं, शेवटचं गाणं 'मेड ऑफ ऑर्लीन्स'च्या सिंगलमागे, आणि 'रेडिओ वेव्ह्ज' तर ओएमडीच्या आधीच्या त्यांच्या 'द आयडी' या बँडचं. टीकाकार हे पुरावा म्हणून पुढे करतात. माझं म्हणणं, जुनी गाणी या क्रमाने लावल्यावर ती नवी झाली. 'टेलिस्कोप' त्या बोटींच्या भोंग्यांनंतर ऐकून बघा. आणि अल्बमची लांबी कमी आहे ही तक्रार मला कधीच पटली नाही. असली रेकॉर्ड ५० मिनिटांची असती तर कोणीच पुरी ऐकली नसती.

ज्यांना सिंथेसायझरचा गोडवा हवाय त्यांनी मात्र इथून सुरुवात करू नये. आधी 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' ऐका. १९८४ चा 'जंक कल्चर'ही ऐका, म्हणजे या अल्बमच्या आपटण्याने बँड किती घाबरला ते कळेल. त्यातलं 'लोकोमोशन' मला आवडतं, १९८६ मध्ये 'इफ यू लीव्ह' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं याचाही आनंद आहे. पण 'डॅझल शिप्स' करणारी माणसं त्यानंतर परत इतकी निडर झाली नाहीत, आणि त्याला ऐकणारे जबाबदार आहेत असं माझं ठाम मत आहे.

एलपी घ्यायची की नाही, हे तुम्ही शेवटी विचारलंय. जमत असेल तर घ्या, कारण बाजू उलटावी लागते. 'इंटरनॅशनल' संपल्यावर उठून जावं लागणं आणि मग बोटींचे आवाज, ही जागा एलपीवरच मिळते. २००८ ची सीडी मिळाली तर बाराव्या ट्रॅकला थांबा, पुढची जादाची गाणी दुसऱ्या दिवशी ऐका. फोनवर ऐकणार असाल तर शफल बंद करा आणि हेडफोन लावा, 'टाइम झोन्स' दोन कानांत वाटलेलं आहे.