‘माझ्या कामामुळे लोक अडकतात’

गेल्या काही वर्षांत ॲप आणि वेबसाइटचं डिझाइन करणारी बरीच तरुण मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊन गेली. शब्द वेगवेगळे, सल एकच: "मी जे बनवतो त्यात लोक अडकतात. मग मी वाईट माणूस आहे का?" त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

तिशीतला हा तरुण झोप लागत नाही म्हणून आला. काम विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "वर्गणी रद्द करायची स्क्रीन करतो. म्हणजे, ती रद्द होऊ नये यासाठीची."

पहिली तीन सत्रं त्याने स्वतःवर खटला चालवला. आरोपीही तोच, वकीलही तोच. "मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल." "शेवटी बटण तर लोकच दाबतात ना!" वकील हरला की रात्रभर आरोपी जागा. पण त्या स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय, हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. मला तेच खटकत होतं.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "आज तुम्ही ॲप व्हा. मी ग्राहक. मला वर्गणी बंद करायची आहे."

तो जरा हसला, मग सुरू झाला. "का बंद करताय?"

"आता गरज नाही."

"निम्म्या दरात देतो."

"नको. बंद करा."

"मग असं म्हणा, ‘मला पैसे वाचवायचे नाहीत.’"

"असं का म्हणू? मला फक्त बंद करायचंय."

तो थांबला. बराच वेळ गेला. "मॅडम, पुढचं वाक्य तुमच्या तोंडावर मला बोलवत नाही."

ती शांतता मी मोडली नाही. अशा वेळी गप्प राहणं मी फार कष्टाने शिकले आहे. त्याला हवं असलेलं उत्तर त्याच्याच तोंडून आलं होतं.

आणि मलाही काही उमगलं. मन वळवणं हे तर माझंही काम. पण मी काय करते आहे आणि का, हे समोरच्याला सांगितलं तरी माझं काम अडत नाही, उलट सोपं होतं. त्याची स्क्रीन मात्र ग्राहकाला डाव कळला की निकामी. औषधाची आठवण करणारं ॲपही आपल्याला टोकतंच, पण तसं टोकायला आपणच त्याला सांगितलेलं असतं. म्हणून आता मी प्रत्येकाला विचारते: हे का केलंय ते त्याच स्क्रीनवर लिहिलं, तरी चालेल का?

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. ‘मी वाईट’ असा शिक्का मारला की माणूस रडतो किंवा सबबी सांगतो, दुरुस्ती करत नाही. ‘हे कृत्य चुकलं’ म्हटलं की हात मोकळे होतात. खाली कितीही सरकवलं तरी संपतच नाही अशा पानाची कल्पना २००६ मध्ये आणणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली आणि तंत्रज्ञान माणसाच्या हिताचं व्हावं यासाठी कामाला लागले. खंत अशी कामाला लावता येते.

तुम्हीही याच पेशात असाल, तर स्वतःला तपासत बसू नका, स्क्रीन तपासा. ‘हो’ आणि ‘नको’ सारख्याच ठळकपणे दिसतात का? आत यायला एक पायरी आणि बाहेर पडायला सात, असं आहे का? नकार देणाऱ्याला लाजवलंय का? ब्रिटिश डिझाइनतज्ज्ञ हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. त्याचा मोठा उपयोग असा, की मीटिंगमध्ये कुणा माणसाकडे बोट न दाखवता मुद्द्याचं बोलता येतं. नोकरी लगेच सोडायलाच हवी असंही नाही. घरखर्च तुमच्यावर असेल, तर तो विचार भित्रेपणाचा नाही.

त्या तरुणाने ऑफिसात तोच खेळ केला. एक सहकारी ग्राहक झाला, हा ॲप, समोर वरिष्ठ. लाजवणारं वाक्य त्याच आठवड्यात निघालं. पायऱ्या अजून तितक्याच आहेत. त्यांच्याबद्दल तो पुन्हा बोलणार आहे.