धनुष्यासाठी फायबरग्लासची पट्टी घरी करता येईल का?

तुम्ही विचारलंय की बांबूच्या धनुष्याला लावायची फायबरग्लासची पट्टी मुंबईत तयार मिळत नाही, तर कोळ्यांच्या होड्यांना लावतात ते फायबर आणून घरी करता येईल का.

पट्टी घरी नक्की होते, मी मुलुंडच्या फ्लॅटमध्ये करतो. पण होडीचं फायबर आणू नका. त्या मॅटमध्ये, म्हणजे फायबरच्या चटईत, काचेचे तुकडे वाटेल त्या दिशेला पडलेले असतात, आणि वजनाने काच जेमतेम ३० टक्के. बाकी सगळं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, जे लाकडाला धड धरत नाही. धनुष्य ओढलं की समोरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. म्हणून जुने कारागीर पाठीला, म्हणजे समोरच्या बाजूला, जनावराची तांत आणि पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, शिंग लावत. विष्णूच्या धनुष्याचं शार्ङ्ग हे नावच शृंगावरून, म्हणजे शिंगावरून आलंय. आपल्याला तेच काम काचेकडून करून घ्यायचंय, त्यामुळे प्रत्येक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आणि ताठ हवा. विणलेलं कापडही नको: त्यातले निम्मे धागे आडवे, आणि उभे असतात ते खालीवर वळलेले.

ई-ग्लास या नेहमीच्या काचेचं २४०० टेक्सचं रोव्हिंग घ्या. रोव्हिंग म्हणजे सरळ तंतूंचा न पिळलेला जाड धागा, आणि २४०० टेक्स म्हणजे मीटरला २.४ ग्रॅम. घरात १.८ मीटरची पट्टी फिरवायला जागा नसते, म्हणून मी मधून सुटं होणारं धनुष्य करतो आणि दोन्ही भागांना पाठ-पोट धरून ९० सेंटीमीटरच्या चार पट्ट्या ओततो. ५० मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड अशा एका पट्टीला २७-२८ धागे लागतात. इपॉक्सी (रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर मिसळून होणारा गोंद) ४० ग्रॅम कालवा; त्यातलं साधारण २५ ग्रॅम पट्टीत राहतं, उरलेलं दाबल्यावर बाहेर येतं. मी एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर वापरतो, वजनाने १०० ला १०. हे अंदाजाने ओतू नका, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवाच.

जाड काचेवर पॉलिएस्टर फिल्म, दोन्ही कडांना १ मिलिमीटरच्या धातूच्या पट्ट्या, दोन टोकांना बोल्ट. धागा बोल्टांभोवती फिरवत जा आणि शेवटी नट आवळून सगळे धागे ताणा. एकही ढिला राहिला तर तो भार घेत नाही आणि शेजारच्यावर येतो. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जाऊ द्यावा. मग इपॉक्सी ओतून प्लास्टिकच्या पातीने धाग्यांच्या दिशेनेच ओढा, बुडबुडे काढा. वर पील-प्लाय (नंतर सोलून काढायचं न चिकटणारं कापड), त्यावर फिल्म, फळी आणि वजन. पील-प्लाय सोलल्यावर खरखरीत निघते ती बाजू बांबूला चिकटवायची. दुसऱ्या दिवशी प्लायवुडच्या खोक्यात जुने तापणारे पिवळे बल्ब लावून ६० अंशांवर चार-पाच तास ठेवा. थर्मामीटर आत असू द्या.

माझी पहिली पट्टी जुलैमध्ये केली होती. वरून छान दिसत होती, पण हाताला किंचित मेणचट लागायची. तशीच चिकटवली आणि तिसऱ्या दिवशी ओढताना बांबूपासून सुटली. हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायॉक्साइडने हार्डनरचा असा थर वर येतो. तो ॲसिटोनने नुसता पसरतो. कोमट पाणी आणि घासणीने धुवा, वाळवा, मग ८० नंबरच्या पेपरने घासा. बांबूही त्या हवेत पाणी पितो. त्यामुळे जमलं तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

घासताना एन९५ मास्क आणि चष्मा, इपॉक्सीला नायट्रिलचे हातमोजे. एकदा इपॉक्सीची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. धूळ झाडूने काढू नका, ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः घरात लहान मूल रांगत असेल तर. पहिलं धनुष्य २५ पौंडांच्या (पूर्ण ओढायला लागणारा जोर) वर नेऊ नका, आणि बाण लावण्याआधी भिंतीवरच्या खुंटीला टांगून, दोरीला कप्पी लावून, लांब उभं राहून थोडं थोडं ओढून बघा.