ऊसबिल येईपर्यंत शस्त्रक्रिया थांबवावी का?

प्रश्न (निपाणी तालुका): पत्नीच्या खांद्यावरची गाठ चरबीची समजून गावात तेवढाच भाग बधिर करून काढली. तपासणीत ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स’ हा कातडीचा कर्करोग निघाला, काढलेल्या तुकड्याच्या कडेला त्याच्या पेशी आहेत. बेळगावच्या सर्जननी पुन्हा शस्त्रक्रियेसाठी १ लाख ८० हजारांचा अंदाज दिला आहे. विमा नाही. ३ लाखांची ठेव आठ महिन्यांनी पिकते. भाऊ म्हणतो, आता विमा काढू आणि ऊसबिल आल्यावर बघू. काय करावे?

उत्तर: थांबू नका. हा कर्करोग सावकाश वाढतो आणि शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. त्यामुळे नीट चौकशी करायला आठ-पंधरा दिवस घेतले तर चालतील, आठ महिने मात्र नाहीत. गाठीचे तंतू कातडीखाली बोटांसारखे सरकतात, वरून दिसत नाहीत आणि थोडे राहिले तरी गाठ त्याच जागी परत येऊ शकते. मग दुसऱ्या खेपेला जास्त मांस काढावे लागते, खांद्याची हालचाल अडू शकते आणि खर्चही चढतो.

भावाचा विम्याचा बेत सोडून द्या. आजार कळल्यानंतर काढलेल्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाल असतो, आणि आजार लपवला तर दावा फेटाळतात. स्वतःसाठी आणि मुलांसाठी मात्र आताच वेगळी पॉलिसी घ्या. पत्नीसाठी पुढे अर्ज कराल तेव्हा सगळे कागद खुलेपणाने जोडा.

पैसा ठेवीतूनच उभा राहील, पण ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली तर व्याजदर घटतो, शिवाय दंड बसतो. ठेवीवर कर्ज घ्या. समजा ठेवीला ७ टक्के आणि कर्जाला ८ टक्के व्याज आहे. १ लाख ८० हजारांवर आठ महिन्यांचे व्याज ९,६०० होईल, तेवढ्याच रकमेवर ठेव ८,४०० देत राहील. म्हणजे खरा भुर्दंड १,२०० रुपयांचा. ऊसबिल आले की कर्ज फेडून टाका. सावकाराकडे जायची वेळच येऊ देऊ नका.

त्याआधी योजना तपासा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्डाला कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर योजनेच्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी भरती होण्याआधीच घ्या, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. गावच्या सोसायटीचे सभासद असून ‘यशस्विनी’ या सहकारी सभासदांच्या आरोग्य योजनेची यंदाची पावती असेल तर तीही न्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. तुमचे गाव त्या यादीत आहे का आणि कोल्हापूरचे कोणते रुग्णालय ती घेते, हे फोनवर विचारून ठेवा.

आता अंदाजपत्रकाबद्दल. १ लाख ८० हजारांत काय काय धरले आहे ते लेखी मागा. त्यात हे हवे: गाठ किती खोल गेली याचा अंदाज येण्यासाठी एमआरआय, मग जुन्या व्रणाभोवती सहसा २ ते ३ सेंटीमीटर निरोगी कातडी आणि खालचे स्नायूवेष्टन काढणे, आणि सर्व कडांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: कडा स्वच्छ असल्याचा अहवाल येण्याआधीच शेजारची कातडी फिरवून जखम बंद करणार का? तसे केले आणि कडेला पेशी निघाल्या, तर कातडी जागेवरून हललेली असल्यामुळे उरलेला भाग नेमका कुठे आहे ते सापडत नाही. जखम झाकून ठेवून अहवालानंतर बंद करायचे ठरले तर दुसऱ्या भरतीचा खर्च येतो. तो आताच धरा. स्वतंत्र खोलीवर पैसे वाचवा, या तपासणीवर वाचवू नका.

पुढची तपासणीही हिशेबात घ्या. पहिली तीन वर्षे साधारण दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, कारण गाठ उशिराही परतते. त्यासाठी वेगळे आवर्ती खाते उघडा.

पहिले काम म्हणजे आधीच्या प्रयोगशाळेतून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या पावती करून ताब्यात घेणे. निदान पक्के करायला मदत करणारी सीडी ३४ चाचणी झाली नसेल तर त्याच ब्लॉकवर होते, आणि बेळगाव असो की मुंबईचे टाटा, दुसरे मत त्यावरूनच मिळते.