एमएच-09 गाडी, निपाणीचा मालक आणि मधला बोजा

निपाणीच्या एका वाचकाने विचारले आहे: कोल्हापूरच्या ओळखीतल्या माणसाची 2019 ची पेट्रोल गाडी 4,25,000 रुपयांना ठरली. 3,40,000 देऊन गाडी घरी आणली आणि 85,000 रुपये नावावर झाल्यावर द्यायचे ठरले. शंभराच्या बॉण्डवर लिहूनही घेतले. आता परराज्यात नोंदवायला लागणाऱ्या आरटीओच्या एनओसीच्या (ना-हरकत दाखल्याच्या) वेळी कळले की गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे आणि 1,62,000 रुपये बाकी आहेत. विक्रेता म्हणतो, "उरलेले 85,000 आत्ता द्या, हप्ते मी भरत राहतो, वर्षभरात गाडी मोकळी होईल." त्याचे ऐकावे, बाकी स्वतः फेडावी, की गाडी परत करावी? बँकेत 2,50,000 रुपयांची ठेव आहे.

त्याचे ऐकू नका. राखून ठेवलेले 85,000 ही तुमच्या हातातली एकमेव दोरी आहे, ती सोडली की तो माणूस फोन उचलेलच असे नाही. हप्ते तो भरो की तुम्ही, कर्जखाते त्याच्याच नावाचे राहते. एक हप्ता चुकला तर कंपनी गाडी ओढून नेणार तुमच्या दारातून. वर्षभरात अपघातात गाडी पूर्ण बाद झाली, तर विम्याचे पैसे आधी फायनान्सरला आणि उरले तर नोंदीतल्या मालकाला जातात. तुमचे नाव दोन्हीकडे नाही.

म्हणून वाटा दोनच. विक्रेत्याला पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी कळवा: 3,40,000 परत करून गाडी घेऊन जा. त्याने रक्कम खरोखरच आणली, तर गाडी देऊन मोकळे व्हा, मोह नको. पण ज्याला 1,62,000 फेडता आले नाहीत तो 3,40,000 कुठून आणणार? म्हणून बाकी स्वतः फेडण्याचा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

3,40,000 गेले ते गेले, पुढच्या निर्णयात ते धरू नका. आता लागणार 1,62,000 आणि गाडी केए-23 (चिक्कोडी आरटीओचा क्रमांक) करताना भरायचा कर्नाटकचा आजीवन कर. 1,62,000 पैकी 85,000 तुम्ही तसेही देणार होता, म्हणजे बोजामुळे वाढलेला खर्च 77,000. कर मात्र बोज्यामुळे आलेला नाही. महाराष्ट्राची गाडी स्वस्त वाटते ती बऱ्याचदा याच कारणाने, आणि सीमेवरचे गिऱ्हाईक हा आकडा नेमका विसरते. तो गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे सूट देऊन काढतात. चिक्कोडीच्या आरटीओ कार्यालयातून तुमच्या गाडीचा आकडा आधी काढून आणा. समजा तो 50,000 निघाला, तर आणखी 2,12,000 घालून स्वच्छ कागदांची गाडी तुमच्या नावावर येते. तशी गाडी निपाणीत चार लाखांच्या आसपास जात असेल तर फेडणे शहाणपणाचे. बाकी आणि कर मिळून तीन-सव्वातीन लाखांवर गेले, तर गाडी सोडून वसुलीच्या मागे लागा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा परतावा मिळतो, पण गाडी कर्नाटकात नोंदल्याचा पुरावा देऊन मागावा लागतो. तो कोणी घ्यायचा हे विक्रेत्याशी आत्ताच लिहून ठरवा.

फेडण्याआधी एक प्रश्न कंपनीला लेखी विचारायचा, आणि सगळा व्यवहार त्याच्यावर अडतो: हे खाते बंद झाल्यावर याच गाडीची तुमची (कंपनीची) एनओसी मिळेल ना, की कर्जदाराच्या दुसऱ्या थकबाकीसाठी अडवाल? विक्रेत्याचे त्याच कंपनीत पर्सनल लोन थकले असेल, किंवा तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन असेल, तर गाडीचे खाते शून्य होऊनही कागद अडकतात. बँका करारातल्या कलमाचा आणि करार कायद्याच्या कलम 171 चा (येणे बाकी असेपर्यंत ताब्यातली वस्तू अडवून ठेवण्याचा बँकेचा हक्क) आधार घेतात. उत्तर ईमेलवर किंवा लेटरहेडवर आले नाही, तर एक रुपयाही भरू नका.

उत्तर आले की विक्रेत्याला घेऊनच शाखेत जा. फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करायचा हिशेब, त्याच्याच सहीने मिळते. त्यात मुद्दल, आजपर्यंतचे व्याज, चेक परत गेल्याचा दंड, मुदतपूर्व फेडीचे शुल्क व त्यावरचा 18 टक्के जीएसटी वेगवेगळे दाखवलेले असतात. पत्र कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि पुढे रोजचे व्याज किती तेही बघा. 1,62,000 हा तोंडी आकडा पत्रात 1,70,000 निघाला तर आश्चर्य नको. पैसे स्वतःच्या खात्यातून, कर्जखात्याचा क्रमांक घालून एनईएफटीने किंवा कंपनीच्या नावाच्या डीडीने भरा. आरटीजीएस दोन लाखांखाली होत नाही. वसुली एजंटाच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे कर्जखात्यात जमा झाले हे सिद्ध करता करता दमाल.

त्याच दिवशी विक्रेत्याकडून नवे लेखी घ्या: राखलेले 85,000 कर्जात वळते केले, वरचे 77,000 तो देणे लागतो. त्या 77,000 चे तारखा घातलेले दोन-तीन चेक घ्या. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोहोचल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात कलम 138 ची (चेक न वटल्याची) तक्रार कोर्टात करायची.

वरचे 77,000 आणि कर भागवायला ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून उचल) घ्या. 77,000 वर 9 टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज साधारण 3,465 रुपये होते.

पुढचे कागद: कंपनीची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा). दोन्हीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी (नोंदणी कार्डाशी) अक्षरन् अक्षर ताडून बघा, एका आकड्याच्या चुकीने अर्ज परत येतो. कंपनीच्या एनओसीला मुदत असते, बहुधा तीन महिन्यांची. आधी कोल्हापूरच्या आरटीओत बोजा उतरवायचा, मग फॉर्म 28 वर आरटीओची परराज्याची एनओसी, मग चिक्कोडीत कर भरून फॉर्म 29 आणि 30 वर नाव बदलायचे. क्रम उलटा चालत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे फायनान्सरच्या संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही. ई-चलन बाकी असेल तर तेही आधी भरा. ओटीपी विक्रेत्याच्या मोबाइलवर जातात, तेव्हा त्याच्याशी भांडण काढायचे असेल तर ते शेवटच्या ओटीपीनंतर काढा.

पैसे भरूनही कंपनी कागद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोज्याची नोंद काढायची असते. उशीर कंपनीमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. तक्रार कर्जदाराच्या, म्हणजे विक्रेत्याच्या नावाने करावी लागते.

विक्रेता सहकार्यच करत नसेल, तर 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 14 तुमच्या बाजूने आहे: न सांगितलेला बोजा विकलेल्या मालावर नसेल, ही हमी त्यात गृहीतच आहे. तुमच्या बॉण्डमध्ये "गाडीवर कोणताही बोजा नाही" हे वाक्य असेल तर काम आणखी सोपे. पोलीस तक्रारीने दबाव येतो, पैसे येतातच असे नाही. ग्राहक आयोग खासगी विक्रेत्याविरुद्ध उपयोगी नाही. गाडी डीलरकडून घेतली असती तर बेळगावच्या जिल्हा आयोगात दाद मागता आली असती. विक्रेत्याला एक गोष्ट मात्र जरूर सांगा: सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे (नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार) अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर, म्हणजे आज त्याच्यावर आहे. नाव बदलण्याची घाई मग त्यालाही होते.

पहाणी पत्रकातला बोजा बघितल्याशिवाय गुंठाभर जमीन न घेणारा माणूस गाडीचे नुसते कार्ड बघतो. जुन्या छापील कार्डाचा भरवसा धरू नका. गाडी तारण ठेवून मागाहून कर्ज काढले असेल, तर फायनान्सरचे नाव वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर दिसते. ते आज पुन्हा उघडून बघा. तिथे तुम्हाला सांगितलेल्या कंपनीऐवजी दुसरेच नाव असेल, तर वरचा सगळा हिशेब त्या दुसऱ्या नावाशी करायचा आहे.