निष्पत्तीचा क्रमांक आणि चाचणीतला प्रश्न

अध्ययन निष्पत्ती आणि चाचणी यांचा मेळ कसा घालायचा, हा एकच गोंधळ पत्रापत्रांतून परत परत येतो. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो.

अध्ययन निष्पत्ती म्हणजे पाठाखालचा स्वाध्यायच ना? (पालक, कराड)

नाही. वर्षाअखेर मुलाला जे करता यायला हवे ती निष्पत्ती. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. ती पाने उलटून पुढे जाऊ नका.

केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांनी 'शंभर टक्के निष्पत्तीनिहाय' चाचणी संच विकत घेतले. आम्हीही घ्यावेत का? (शिक्षिका, जि. प. शाळा, जालना जिल्हा)

सगळ्यांनी घेतले, हे कारण होत नाही. असाच एक संच परवा हाती आला. पाचवी, गणित : 'सममूल्य अपूर्णांकाची व्याख्या लिहा. गुण 2.' शेजारच्या रकान्यात निष्पत्तीचा क्रमांक अगदी ठळक. आता निष्पत्ती काय म्हणते? सममूल्य अपूर्णांक ओळखणे आणि तयार करणे. व्याख्या घोकलेले पोर दोन गुण खिशात घालते, आणि दोन छेद तीन व आठ छेद बारा समोर ठेवले की आठ छेद बारा मोठा म्हणते. का, तर आकडे मोठे! प्रश्न जुन्याच गाईडातला, क्रमांक मागाहून चिकटवलेला.

भाषेत तर कहरच. उतारा पाठ्यपुस्तकातला, वर्गात दहादा झालेला. मुले तो न वाचताच उत्तरे लिहितात, आणि आपण 'आकलन' म्हणून गुण देतो.

उलट्या बाजूने चला. आधी निष्पत्ती घ्या. ती आलेले मूल नेमके काय करताना दिसेल ते लिहा, मग प्रश्न काढा आणि संविधान तक्त्यात, म्हणजे कशाला किती गुण या आराखड्यात, बसवा. तयार प्रश्न चार-पाच मुलांना तोंडी विचारा. घोटाळा तिथेच कळतो. मग केंद्रप्रमुखांना किंवा डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) विषय सहायकांना दाखवा. झेरॉक्स काढण्याआधी, नंतर नव्हे.

तिसरीतला मुलगा मिनिटाला 40 शब्द वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आले आहे की 60 च्या खाली म्हणजे नापास. (आई, नाशिक)

व्हॉट्सअ‍ॅप निकाल लावत नाही. 60 शब्द हे निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानाचे तिसरीच्या अखेरीचे लक्ष्य आहे, आणि तेही समजून वाचण्याचे. घड्याळ बाजूला ठेवा, नवी गोष्ट वाचायला द्या आणि काय घडले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. अडखळला तर वर्गशिक्षकांना भेटा, डोळेही तपासून घ्या. दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

पाचवीत नापास झालेल्या मुलाला शाळेतून काढतात का? (पालक, लातूर)

नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतरही आठवीपर्यंत कुणाला काढता येत नाही. फेरपरीक्षेची तारीख मात्र शाळेकडून लेखी घ्या.

निष्पत्तीनिहाय नोंदी एप्रिलमध्ये एकदम भरल्या तर चालतील का? (मुख्याध्यापक, नाव नको)

नाव का नको ते कळले. हातच्याच्या वजाबाकीत चुकणारा मुलगा वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीतच दिसला होता ना? त्याची नोंद एप्रिलात केलीत, तर त्याला शिकवणार कधी?