कंपन्यांवरचा कर, मंदी आणि वर्धा रोडवरचे आमचे दोन प्लॉट

तुम्ही विचारले आहे की कंपन्यांवरचा कर कमी झाला की घरांच्या किमती वाढतात का, मंदी आली की आयर्लंडमध्ये किमती निम्म्यावर आल्या तशा आपल्याकडे का येत नाहीत, आणि या दोन्हींचा विचार करता नागपुरात वर्धा रोडवरच्या मिहान या विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पाच्या बाजूला आता जागा घ्यावी का. मी अर्थतज्ज्ञ नाही. धंतोलीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी २६ वर्षे काम केले आहे, आणि तुमच्या प्रश्नावर माझा माझ्या थोरल्या भावाशी २००७ पासून वाद चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. कंपन्यांवरचा कर कमी झाल्याने घर महाग होत नाही. कर कमी होणार या घोषणेने जमीन महाग होते. कंपनी येते, इमारत बांधते, माणसे नेमते, त्या माणसांचे पगार दोन-तीन वर्षे नियमित होतात आणि मग ती घर शोधू लागतात. या साखळीला आठ-दहा वर्षे लागतात. जमिनीचा भाव मात्र घोषणेच्या दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या वर्षांचे पैसे मागू लागतो. मधल्या काळात एखादा आर्थिक धक्का बसला, की ज्याने पुढच्या दशकाचा भाव आज मोजला आहे तोच अडकतो.

आमच्या घरी नेमके हेच झाले. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा फेब्रुवारी २००६ पासून लागू झाला आणि आयकराच्या कलम १०एए प्रमाणे तिथल्या उद्योगांच्या निर्यातीवरील नफा पहिली ५ वर्षे पूर्ण आणि पुढची ५ वर्षे निम्मा करमुक्त झाला. मिहानमध्ये असे क्षेत्र होणार हे ठरलेलेच होते. खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव ही नावे तोवर शेतीच्या संदर्भात ऐकू यायची. ती आता लग्नाच्या पंगतीत चौरस फुटांच्या दरासह ऐकू येऊ लागली. त्याच सुमारास महालातील आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी झाली आणि २००७ मध्ये बाबांच्या वाट्याचे १९ लाख रुपये हातात आले. बाबा तेव्हा ६४ वर्षांचे, निवृत्त आणि मोजक्या गरजांचे होते.

माझे म्हणणे होते की मनीषनगरमध्ये एक तयार दोन खोल्यांचा फ्लॅट साडेचौदा लाखांत मिळतो आहे, तो घ्यावा आणि उरलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावी, कारण तिच्यावर तेव्हा ९ टक्के व्याज होते. दादाचे म्हणणे होते की जामठ्याच्या अलीकडे २,४०० चौरस फुटांचे दोन प्लॉट ३५० रुपये दराने, म्हणजे १६ लाख ८० हजारांत घ्यावेत आणि बाबांनी दोन-तीन वर्षे भाड्याने राहावे. मी त्याला कलम ५४ समजावून सांगितले. जुने घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर २ वर्षांत तयार घर घ्यावे लागते किंवा ३ वर्षांत बांधून पूर्ण करावे लागते; नुसता प्लॉट घेऊन चालत नाही. ज्या शेताचा अकृषक (बिनशेती वापराचा) आदेशच अजून झालेला नाही, तिथे ३ वर्षांत घर कसे उभे राहणार, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "तू ऑफिसातले कागद पाहते, मी गाव वाढताना पाहतो आहे." बाबांनी त्याचे ऐकले. मुलीने पैशाच्या बाबतीत मुलाला चूक ठरवावे हे त्या घरात तेव्हा कोणालाच पटण्यासारखे नव्हते, आणि हे मी आजही विसरलेले नाही.

१० लाख रुपये बयाणा म्हणून दिले गेले. उरलेली रक्कम अकृषक आदेशानंतर, विक्रीपत्राच्या वेळी द्यायची होती. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. नागपूरच्या लेआउटचा न्यूयॉर्कच्या बँकेशी काय संबंध, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. संबंध असा होता की लेआउट टाकणारा, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून विकणारा, माणूस शेतकऱ्याचे हप्ते नव्या गिऱ्हाइकांच्या बयाण्यातून भरत होता. कंपन्यांनी आपले बेत पुढे ढकलल्याच्या बातम्या येताच नवी नोंदणी थांबली, शेतकऱ्याचे हप्ते थांबले, मोजणी आणि अकृषक प्रकरणही थांबले. भाव विचारला तर उत्तर मात्र एकच मिळे : साडेतीनशे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आयर्लंडमध्ये कंपन्यांवरील कराचा दर २००३ पासून १२.५ टक्के होता. तो तसाच असताना घरांच्या किमती २००७ पर्यंत चढल्या, तो तसाच असताना २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्या निम्म्याहून खाली आल्या, आणि तो तसाच असताना २०२२ मध्ये त्यांनी जुने शिखर ओलांडले. म्हणजे किमती हलवणारी गोष्ट कराचा दर नव्हता. बँकांची उधारी होती. तिथले बिल्डर आणि घरमालक दोघेही कर्जात होते, बँका कोसळल्या, त्यांची जमिनीवरची कर्जे ताब्यात घेण्यासाठी सरकारला २००९ मध्ये वेगळी संस्था काढावी लागली, आणि विकल्यावाचून गत्यंतर नसलेले लोक बाजारात उतरले. भाव पडतो तो अशा माणसामुळे पडतो. वर्धा रोडवर असा माणूसच नव्हता. अकृषक आदेश नसलेल्या किंवा नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) मंजुरीचे पत्र, म्हणजे आर.एल., नसलेल्या प्लॉटला बँक कर्ज देत नाही, त्यामुळे ज्यांनी घेतले त्यांनी घरचे पैसे घातले होते. त्यांच्यावर हप्त्याचा तगादा नव्हता, म्हणून ते थांबले. आपल्याकडे मंदीत दर पडत नाही, गिऱ्हाईक नाहीसे होते. कागदावर किंमत टिकते आणि विकायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

२०१० मध्ये बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. एका गिऱ्हाइकाने २७५ रुपये दर बोलून ठेवला होता. मी त्याच्याकडे दोनदा गेले, तिसऱ्या वेळी त्याने फोन उचलला नाही. माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मी मोडली. ३ वर्षांत घर न बांधल्यामुळे कलम ५४ ची सवलतही गेली आणि अडीच लाखांच्या आसपास कर भरावा लागला. विक्रीपत्र झाले २०१२ मध्ये. बाबा २०१३ मध्ये नरेंद्रनगरच्या भाड्याच्या घरातच वारले. स्वतःच्या नावाची पाटी असलेले दार त्यांना शेवटची सहा वर्षे मिळाले नाही.

आता पुन्हा कराकडे वळते, कारण करसवलत ही कायमची गोष्ट आहे असे समजून जमीन घेणारे लोक मला आजही भेटतात. ज्या सवलतीच्या जोरावर २००७ चे दर उभे होते, ती सवलत २०११ च्या अर्थसंकल्पाने बरीच पातळ केली : या क्षेत्रांतील उद्योगांना आणि विकासकांना १८.५ टक्क्यांचा किमान पर्यायी कर, म्हणजे सवलत असली तरी भरावाच लागणारा कर, लावण्यात आला. पुढे नव्या उद्योगांसाठी २०२० ही शेवटची मर्यादा ठरली. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आज मिहानमध्ये आहेत आणि त्यांच्यामुळे बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या भागांत भाडेकरूही आले आहेत आणि गिऱ्हाईकही. पण हे पगार आमच्या बाबांच्या गरजेच्या वेळी नव्हते.

बिल्डरच्या कराचाही एक मुद्दा आहे, आणि तो मी कामात जवळून पाहिला आहे. कलम ८०आयबी(१०) प्रमाणे मार्च २००८ पर्यंत मंजूर झालेल्या, किमान एक एकरावरील गृहयोजनांचा नफा अटींसह पूर्ण करमुक्त होता. मुंबई-दिल्लीसाठी फ्लॅटची मर्यादा १,००० चौरस फूट होती, आपल्यासारख्या शहरांसाठी १,५००. त्यामुळे त्या काळातील नकाशांत १,४५० आणि १,४८० चौरस फुटांचे फ्लॅट वारंवार दिसायचे. नफ्यावरचा कर शून्य झाला म्हणून फ्लॅटचा दर उतरला, असे एकही उदाहरण मला आठवत नाही. दर शेजारच्या योजनेवरून ठरतो. वाचलेला कर बिल्डर पुढची जमीन मिळवण्यासाठी जास्त बोली लावण्यात घालतो, आणि सवलत शेवटी जमीनमालकाच्या खिशात जाते. ग्राहकाला स्वस्त घर मिळावे म्हणून बिल्डरला सूट द्यावी, या युक्तिवादावर माझा त्यामुळे विश्वास उरलेला नाही.

२० सप्टेंबर २०१९ ची मोठी कपात तुम्हाला आठवत असेल. कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्के झाला, नव्या कारखान्यांसाठी १५ टक्के, आणि सरकारने स्वतःच १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडल्याचे सांगितले. दादाने त्या रात्री मला फोन करून बुटीबोरीकडे जागा पाहण्याविषयी विचारले. पुढच्या सहा महिन्यांत टाळेबंदी आली. त्या काळात घरखरेदीला हात दिला तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी : मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आलेल्या रेपो दराने (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) आणि राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळासाठी ३ टक्क्यांनी व त्यापुढे मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांनी कमी केलेल्या मुद्रांक शुल्काने. ही सूट थेट गिऱ्हाइकाच्या हातात पडत होती, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात आमच्या अशिलांना दिवसभर ताटकळावे लागले. २००८ च्या डिसेंबरमध्येही मदत थेट गिऱ्हाइकालाच मिळाली होती. सरकारी बँकांनी ५ ते २० लाखांच्या गृहकर्जासाठी ९.२५ टक्के दर जाहीर केला तेव्हा मंजूर नकाशाच्या फ्लॅटला त्याचा आधार मिळाला, आमच्या प्लॉटला नाही.

दादाने २०१८ मध्ये एक प्लॉट ११०० रुपये दराने विकला आणि तेव्हापासून प्रत्येक घरगुती कार्यक्रमात तो "तिप्पट झाले" असे सांगतो. साडेतीनशेचे अकराशे ११ वर्षांत होणे म्हणजे वर्षाला जवळपास ११ टक्के. त्यात विकास शुल्क आणि कुंपणाचे १ लाख ९० हजार धरले तर ते ९ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे बाबांना ज्या योजनेत दर तिमाहीला पैसे हाती मिळाले असते तिच्याएवढेच. त्यात बाबांचे सहा वर्षांचे साडेचार लाखांहून अधिक भाडे, भरावा लागलेला कर आणि माझी मोडलेली ठेव मी अजून धरलेली नाही. दादा हा हिशेब ऐकून घेत नाही; वहिनींनी मात्र एकदा तो कागद माझ्याकडून मागून घेतला होता.

तुम्हाला सल्ला द्यायचा तर एवढाच की करसवलतीची बातमी वाचून जागा घेऊ नका. त्या भागात आज किती घरे भाड्याने गेली आहेत आणि भाडे किती आहे ते चार रविवार फिरून पाहा. भाडे हे मिळणाऱ्या पगारातून येते, भाव मात्र अपेक्षेतून येतो. वयस्क माणसाचे, एकदाच येणारे पैसे प्लॉटमध्ये मुळीच घालू नका. अकृषक आदेश, मंजूर अभिन्यास (लेआउटचा नकाशा) आणि आर.एल. हातात पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आदेश "निघणार आहे" हे वाक्य मी चार वर्षे ऐकले आहे.

काही गोष्टी न सांगणे अन्यायाचे होईल. २०१७ पासून महारेरा हे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण आहे, त्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पात बयाण्याचा पैसा शेतकऱ्याच्या हप्त्यात वळवणे आता सोपे राहिलेले नाही. मेट्रो खापरीपर्यंत २०१९ पासून धावते. २०१० मध्ये ज्याच्याकडे रोख पैसा होता आणि ज्याला घाई नव्हती, त्याने कोणी विचारत नसताना प्लॉट घेतला असता तर तो आज सुखी असता, हेही खरे आहे. तुमचे वय, नोकरी आणि देणी मला माहीत नाहीत, म्हणून शेवटचा निर्णय तुमचाच राहील.

आमचा दुसरा प्लॉट अजून तसाच आहे, दादाच्या आणि माझ्या नावावर. मी गेल्या वर्षी तो विकून आलेली रक्कम दोघांत समान वाटून घेण्याचा प्रस्ताव लेखी दिला. त्याने उत्तर दिले की नागपूरला आणखी एक मोठी कंपनी येणार आहे, दोन वर्षे थांब.