न्यूयॉर्कच्या एजन्सीचा करार हातात आलाय? सही करण्याआधी हे वाच

तू लिहिलंस की न्यूयॉर्कच्या एका मॉडेलिंग एजन्सीने तीन वर्षांचा करार पाठवलाय, तिकीट आणि मॉडेल अपार्टमेंट (मॉडेल्सनी एकत्र राहायचं एजन्सीचं घर) तेच देणार आहेत, तर सही करू का? मी इथे याच कामात आहे, म्हणून आधी पैशांचं सांगते.

तिकीट फुकट नसतं. तिकीट, भाडं, टेस्ट शूट (पोर्टफोलिओसाठीचे फोटो), कॉम्प कार्ड (मॉडेलचे फोटो आणि मापं असलेलं कार्ड) हे सगळं तुझ्या नावावर उधारी म्हणून चढतं आणि कमाईतून वळतं होतं. एकाच खोलीत बंक बेडवर झोपणाऱ्या मुलींकडून प्रत्येकी भरमसाट भाडं घेतलेलं मी पाहिलंय. कामं मिळत असूनही त्यांच्या हातात काही पडत नव्हतं. त्यामुळे कोणता खर्च किती आणि कशातून कापणार, हे आधी लेखी माग.

19 जून 2025 पासून न्यूयॉर्क राज्यात फॅशन वर्कर्स ॲक्ट हा मॉडेल्सच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्याआधी एजन्सी स्वतःला ‘मॅनेजमेंट कंपनी’ म्हणवून रोजगार एजन्सीच्या नियमांतून निसटायच्या. आता कमिशन 20 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, सही करताना डिपॉझिट मागता येत नाही, राहण्याचे बाजारभावापेक्षा जास्त पैसे लावता येत नाहीत. करार तीन वर्षांहून लांब नको, तोही तुझ्या होकाराशिवाय आपोआप वाढता कामा नये. आठ तासांवर काम गेलं तर त्या वेळेचा दर दीडपट. मुखत्यारपत्राची, म्हणजे तुझ्या वतीने सह्या-व्यवहार करायचा अधिकार त्यांना देण्याची, अट घालत असतील तर स्पष्ट नकार दे, कायदा तुझ्या बाजूने आहे. आणि तुझ्या चेहऱ्याची एआय प्रतिकृती करायची असेल तर वेगळी लेखी संमती लागते. ती करारातल्या एखाद्या ओळीत दडवलेली नाही ना, ते बघ.

व्हिसाबद्दल मला जास्त काळजी वाटते. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर ये, पुढचं बघू’ असं कुणी म्हणालं तर येऊ नकोस. त्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि एकदा केलंस की पैसे बुडाले तरी तक्रार करायची भीती वाटते. मॉडेल्ससाठी एच-1बी या कामाच्या व्हिसामध्येच वेगळा प्रकार आहे, त्याला पदवी लागत नाही. शिवाय असामान्य कौशल्य असलेल्यांसाठीचा ओ-1 व्हिसा आहे. पण एच-1बी एजन्सीशी बांधलेला असतो. एजन्सी बदलायची तर नवीने पुन्हा अर्ज भरावा लागतो. म्हणून करार मोडायची मुदत आणि अटी आत्ताच विचारून घे. उत्तर ईमेलवरच घे, फोनवर नको.